चार सीटांच्या विमानात बसण्याआधी

शुक्रवारी रात्री फोनवर निरोप येतो, "उद्या हवा चांगली दिसतेय. हाफ मून बेला जाऊन येऊ. आईबाबांनाही आण." निरोप पाठवणारी ऑफिसातली मैत्रीण असते, किंवा मंडळाच्या गणपतीत ओळख झालेला एखादा मित्र. त्याच्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना असतो आणि तो पालो आल्टोच्या विमानतळावरच्या एखाद्या फ्लाइंग क्लबचा सभासद असतो. तुम्ही हरखून हो म्हणता. जरा वेळाने, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली आई स्वयंपाकघरातून विचारते, "छोटं विमान म्हणजे केवढं गं?"

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहून मी गेली सात वर्षं अशाच एका क्लबाची विमानं उडवते. सुट्टीच्या दिवशी कुणा ना कुणाला बरोबर नेते, त्यात आपली मराठी मंडळी बरीच असतात. आईचा हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. त्याचं उत्तर असं. विमान बहुतेक वेळा सेस्ना १७२ असतं. एक इंजिन, चार सीटा, डोक्यावर पंख. आतली रुंदी जेमतेम एक मीटर, त्यामुळे पुढे बसलेल्या दोघांचे खांदे एकमेकांना लागतात. १९५६ पासून या जातीची ४४ हजारांहून जास्त विमानं बनली आहेत, दुसऱ्या कुठल्याही विमानाची इतकी बनली नाहीत. आणि उंचीचं म्हणाल तर डोंगरापलीकडे समुद्रकाठी असलेल्या हाफ मून बेच्या फेरीत आपण साधारण लोणावळ्यापेक्षा वर आणि महाबळेश्वरपेक्षा खाली असतो. हे सांगितलं की आईबाबांचा चेहरा निम्मा मोकळा होतो.

पण तयारीची खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती आधीच सांगते. घरून निघताना न जाण्याची तयारी ठेवून निघा. डबा भरा, कॅमेरा घ्या, पण मनात पक्कं धरा की विमानतळावर पोचल्यावर, किंवा अर्ध्या वाटेत हवेत असतानाही, वैमानिक "आज नको" म्हणू शकतो. तो तसं म्हणाला तर त्याला ते सोपं जावं, एवढं काम प्रवाशाकडे असतं. छोट्या विमानांच्या अपघातांमागे बिघाडापेक्षा माणसाचा निर्णय चुकल्याचं कारण जास्त वेळा सापडतं. बिघडत चाललेल्या हवेत पुढे जात राहणं ही त्यातली फार जुनी चूक. ती करणारे सगळे बेफिकीर नसतात. पुष्कळदा मागच्या सीटवर कुणाची तरी आई बसलेली असते आणि तिचा हिरमोड करायचा नसतो.

क्लब म्हटल्यावर आपल्याकडच्यांना जिमखाना आणि पत्ते आठवतात, म्हणून थोडं सांगते. अनेकांनी मिळून विमानं सांभाळायची, तासाच्या हिशेबाने वापरायची आणि तिथेच शिकायचं, असा हा प्रकार. जेआरडी टाटा अशाच एका क्लबात, जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात, उडायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना क्रमांक १ मिळाला. आमच्या क्लबात विमान ऑनलाइन कॅलेंडरवर बुक करतात. दहा ते एक घेतलं असेल तर एकनंतर दुसरा सभासद उभा असतो. शनिवारी सकाळी तुम्ही पाऊण तास उशिरा आलात की वैमानिकाच्या डोक्यावर घड्याळ बसतं आणि घाई तिथूनच सुरू होते. लग्नाला गेल्यासारखं जाऊ नका. सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा.

आता वजन. मैत्रीण तुम्हाला प्रत्येकाचं वजन विचारेल. ते खरं सांगा, कपडे-बुटांसकट सांगा. आपल्याकडे बायकांना वजन विचारणं उद्धटपणाचं वाटतं आणि पुरुषही चार किलो कमी सांगतात. इथे तसं चालत नाही, कारण हिशेब फार घट्ट असतो. सेस्ना १७२च्या एस मॉडेलचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन २,५५० पाउंड, म्हणजे सुमारे १,१५७ किलो. रिकामं विमान वजा केलं की माणसं, सामान आणि इंधन मिळून साधारण ३९५ किलो उरतात. टाक्या काठोकाठ भरल्या तर त्यातले १४४ किलो इंधनच खातं. राहिले अडीचशे. चौघं जण म्हणजे माणशी साडेबासष्ट किलो, सामानासकट. आपल्या घरातली कुठली चार मोठी माणसं त्यात बसतात? म्हणून चौघांना जायचं असेल तर टाक्या पूर्ण भरत नाहीत, आणि कधी कधी तिघंच जातात. कोण कुठे बसणार हेही वजनावर ठरतं. "मला खिडकीशी बसायचं होतं" हा हट्ट इथे धरू नका, सगळ्याच सीटा खिडकीच्या आहेत. माझ्या क्लबातल्या वजनकाट्यावर मी पिशवीसुद्धा ठेवते. एकदा एका काकूंची "थोडंसं खायला घेतलंय" ही पिशवी सात किलो भरली. तिच्यात स्टीलचे तीन डबे आणि पाण्याच्या चार बाटल्या होत्या. काकूंनी न कुरकुरता दोन डबे गाडीत ठेवले.

पैशांबद्दलही आधीच बोलून घ्या. इथे विमानाचं भाडं ताशी दोनशे डॉलरच्या आसपास पडतं. सुट्टीच्या दिवशी उडत जाऊन कुठेतरी खाऊन यायचं याला अमेरिकन वैमानिक 'शंभर डॉलरचा हॅम्बर्गर' म्हणतात, तो आता शंभरात येत नाही. खासगी परवान्यावर प्रवाशांकडून कमाई करायला कायद्याने बंदी आहे. इंधन, तेल, विमानतळाचे आकार आणि विमानाचं भाडं एवढाच खर्च वाटून घेता येतो, आणि त्यात वैमानिकाने किमान स्वतःचा समान वाटा भरावाच लागतो. चौघं गेलात आणि खर्च २४० डॉलर झाला, तर त्यातले ६० त्याचे. सफरीला त्याचंही स्वतःचं कारण हवं, फक्त तुम्हाला पोचवणं हे कारण होत नाही. परत आल्यावर बाबा प्रेमाने त्याच्या हातात पाकीट कोंबायला जातात. तसं करू देऊ नका. ती शंभराची नोट त्याच्या परवान्यावर बेतू शकते. हाफ मून बेला जेवण तुम्ही खुशाल द्या.

बाहेरून आलेल्या आईबाबांचा प्रवासी विमा असतो, त्याची कागदपत्रं उघडून बघा. तिकीट काढून एअरलाइनने केलेला प्रवास तेवढा धरायचा आणि खासगी विमानातला वगळायचा, असं कलम बऱ्याच पॉलिसींमध्ये असतं. आयुर्विम्याची कागदपत्रंही बघा. क्लबाच्या विम्यात प्रवाशासाठी काय आहे, हे वैमानिकाला सरळ विचारा.

आणखीही विचारा. "शेवटचं कधी उडवलंस? हेच विमान होतं का?" प्रवासी न्यायचा तर मागच्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात. ही कायद्याची किमान पायरी झाली. "धुकं आलं तर काय करशील?" हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. वैमानिकाने त्याचं उत्तर एका दमात, न अडखळता दिलं पाहिजे. असं विचारलं म्हणून चांगल्या वैमानिकाला राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याबरोबर जाऊ नका.

तब्येतीचं थोडक्यात. नाक चोंदलं असेल, सर्दी असेल तर जाऊ नका, उतरताना कान फार दुखतात. डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया होऊन आत वायूचा फुगा ठेवला असेल, तर डॉक्टर मोकळं करेपर्यंत कुठल्याही विमानात बसायचं नाही. हृदयाचा, श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. रिकाम्या पोटी येऊ नका आणि वडेही खाऊन येऊ नका. दोन इडल्या, एखादं केळं, बस. ज्यांना घाटात एसटी लागते त्यांनी आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवाव्यात, नजर बाहेर दूर क्षितिजावर ठेवावी आणि फोनच्या पडद्यात अजिबात बघू नये. मळमळायला लागलं तर लगेच बोला. भिडेखातर गप्प बसलेला प्रवासी पाच मिनिटांनी जास्त अडचणीत येतो. विमानात शौचालय नसतं, तेव्हा निघण्याआधी सगळ्यांनी जाऊन या, लाज वाटू देऊ नका.

कपडे थरांचे घाला. जुलैतही हाफ मून बेचा किनारा गारठलेला असतो. साडीला हरकत नाही, पण चढताना चाकाजवळच्या छोट्या पायरीवर पाय ठेवावा लागतो, म्हणून सलवार किंवा पँट बरी. पदर, ओढणी पिनने बंदिस्त करा. चपला नकोत.

विमानतळावर पोचलात की मुलांचा हात धरा आणि विमानतळ सोडेपर्यंत सोडू नका. प्रोपेलर थांबलेला असला तरी तो फिरणारच आहे असं समजून वागायचं. विमानाकडे नेहमी मागच्या बाजूने, पंखाच्या मागून जायचं. फोटोसाठी प्रोपेलरला हात लावून उभं राहायचं नाही. मी एवढ्या एका गोष्टीवर आवाज चढवते, आणि त्याबद्दल माफीही मागत नाही.

वैमानिक मग विमानाभोवती फेरी मारतो. तेव्हा त्याच्याशी गप्पा मारू नका, पण बघा जरूर. मला त्यातला इंधन तपासण्याचा भाग सगळ्यांना दाखवायला आवडतो. हातात एक पारदर्शक प्लास्टिकची नळी असते, पाणीपुरीच्या ग्लासाएवढी. पंखाखालच्या छोट्या झडपेत ती वर दाबली की टाकीच्या तळातलं इंधन तिच्यात उतरतं. शंभर ऑक्टेनचं विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं, उजेडात धरलं की पावसानंतरच्या आकाशासारखं दिसतं. त्यात पाणी असेल तर ते जड म्हणून तळाशी बसतं. आधी काही दिसत नाही, मग नळी किंचित कलती केली की तळाशी मोत्यासारखा एक थेंब गडगडतो. तो दिसला तर पुन्हा काढायचं, तो दिसेनासा होईपर्यंत. एस मॉडेलमध्ये अशा तेरा जागा आहेत. आणि सगळ्या तेरा बघायच्या असतात, मागे कुणीही कितीही घड्याळ बघत उभं असलं तरी.

आत बसल्यावर पट्टा कसा लावायचा-सोडायचा आणि दार कसं उघडायचं, हे वैमानिक सांगेल. सांगून झाल्यावर आईला एकदा स्वतःच्या हाताने करून बघायला लावा. कानावर हेडसेट येतो, त्यातून सगळ्यांना एकमेकांचं ऐकू येतं. इंजिन सुरू झाल्यापासून विमान वर स्थिरावेपर्यंत आणि उतरताना धावपट्टी सोडेपर्यंत बोलायचं नाही. अपवाद एकच, दुसरं विमान दिसलं तर. ते घड्याळाच्या काट्यांनी सांगायचं. समोर बारा, उजवीकडे तीन. "दोन वाजता, जरा वर" असं म्हणालात की वैमानिकाला समजतं. काही वेळा मागे बसलेल्या आजीला विमान आधी दिसतं, हे मी अनुभवलं आहे.

कधी तरी उडताना दार किंचित उघडतं. मोठा आवाज होतो, वारा आत येतो, पण विमान उडत राहतं. दार ओढत बसू नका, ओरडू नका. वैमानिक शांतपणे परत येऊन उतरवेल. अशा वेळी धोका दारापेक्षा त्याचं लक्ष उडण्यावरून उडण्याचा असतो.

पालो आल्टोची धावपट्टी २,४४३ फूट, पाऊण किलोमीटरला थोडी कमी. मुंबईची मुख्य धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. पण सेस्नाला इथे तेवढ्याची गरज नसते. चाकं सुटली की खाली खाडीतली मिठागरं दिसतात. क्षार वाढला की त्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे पाणी गुलाबी, विटकरी, कुठे तांबडं होतं. पश्चिमेला वळलं की स्टॅनफर्डचा हूवर टॉवर येतो आणि मग डोंगराच्या पायथ्याशी स्लॅक या प्रयोगशाळेची इमारत, तीन किलोमीटरहून लांब, पट्टीने आखल्यासारखी सरळ, आणि तिच्या अंगावरून जाणारा २८० महामार्ग. इमारतीखाली जमिनीत कणांना वेग देण्याचं यंत्र आहे. उजवीकडे लांबट तळी दिसतात, ती क्रिस्टल स्प्रिंग्जची. ती सॅन अँड्रियास भ्रंशाच्या दरीत आहेत. जमिनीवरून ही रेघ कुणाला दिसत नाही, वरून एका नजरेत दिसते. माझ्या मते या फेरीतलं सर्वांत मोठं दृश्य हेच. गोल्डन गेट पुलाच्या फेऱ्या जास्त लोकप्रिय आहेत, तरी पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवते. गर्दी कमी, वेळ कमी, बघायला भरपूर.

डोंगराची कड ओलांडली की समुद्र. गाडीने हायवे ९२च्या वळणांनी पाऊण तास लागतो, इथे वीसेक मिनिटांत हाफ मून बेची धावपट्टी समोर येते. हा विमानतळ १९४२ साली महायुद्धाच्या काळात लष्करासाठी बांधला गेला, म्हणून धावपट्टी पाच हजार फुटांची, पालो आल्टोच्या दुपटीहून लांब. इथे टॉवर नाही. प्रत्येक वैमानिक एकाच फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत ते स्वतः सांगतो, बाकीचे ऐकतात आणि एकमेकांना वाट देतात. तेव्हा हेडसेटमध्ये गप्पा नकोत, याचं कारण इथे कळतं. उतरलात की पिलर पॉइंटच्या बंदरापर्यंत चालत जाता येतं. टोकावर पांढऱ्या मोठ्या अँटेना आहेत, त्यांच्या पलीकडे मॅव्हरिक्स या सर्फिंगच्या जागी हिवाळी लाटा फुटतात.

जेवताना वैमानिक अधूनमधून आकाशाकडे आणि फोनवरच्या हवामानाकडे बघत राहील. ते उद्धटपणाचं समजू नका. तो "उठा, आत्ता निघायचं" म्हणाला तर ताट अर्धं ठेवून उठा. धुकं समुद्रावरून फार लवकर येतं. आणि तो "आज विमान इथेच ठेवून टॅक्सीने जाऊ" म्हणाला, तर अभिनंदन करा त्याचं. सोमवारची मीटिंग, घरी ठेवलेलं दूध, कशाचंही नाव तेव्हा काढू नका.

मुलं आठ ते सतरा वर्षांची असतील तर दुसरीही वाट आहे. ईएए या संस्थेचा यंग ईगल्स उपक्रम १९९२ पासून चालू आहे. संस्थेचे वैमानिक मुलांना पहिली फेरी फुकट घडवतात. वीस लाखांहून जास्त मुलं अशी उडाली आहेत. तुमच्या गावाजवळच्या छोट्या विमानतळावर शनिवारी हा कार्यक्रम असतो का ते बघा.

आता मला स्वतःबद्दल सांगायचं आहे. माझे बाबा जुलैत आले होते. परतीचं विमान सोमवारी, आणि रविवार उरलेला. तीन वेळा बेत रद्द झाला होता. त्या सकाळी किनाऱ्यावर धुकं होतं, अंदाज सांगत होता की अकराला विरेल. मी साडेदहाला निघाले. निघायला नको होतं. अंदाजावर कमी आणि बाबांच्या तिकिटावर जास्त भर देऊन मी निघाले, हे मला धावपट्टीवरच कळत होतं. डोंगराच्या कडेला पोचलो तर पलीकडे काही नव्हतं. पांढरी सपाट चादर, क्षितिजापर्यंत, कडेला येऊन टेकलेली. तिच्यात एक भोक दिसत होतं आणि भोकातून खाली निळं पाणी. मी त्या भोकाकडे दोनतीन सेकंद जास्तच बघितलं.

बाबा शेजारी बसले होते. त्यांच्या मांडीवर थालीपिठांचा डबा होता. ते म्हणाले, "दरड कोसळली की एसटी माघारी फिरते बाळा. फिरव."

मी विमान वळवलं. मोफेट विमानतळावरचा अवाढव्य हँगर, १९३०च्या दशकात मेकॉन नावाच्या एअरशिपसाठी बांधलेला, समोर स्वच्छ उन्हात उभा होता. अर्ध्या तासात आम्ही पालो आल्टोला परत उतरलो. विमान बांधायचं होतं, दोन दोर पंखांचे, एक शेपटीचा. शेपटीचा दोर बाबांनी मागून घेतला आणि गोठ्यातल्या दाव्याला मारतात तशी गाठ मारली. मी ओढून बघितली, ती तसूभर सरकली नाही. मग विमानतळाला लागून असलेल्या बेलँड्सच्या दलदलीकाठी एका बाकावर बसून आम्ही थालीपिठं खाल्ली. समोर बगळे उभे होते.

हाफ मून बेला बाबा अजून गेलेले नाहीत. यंदा त्यांनी तिकीट ऑक्टोबरचं काढलंय, तेव्हा किनाऱ्यावर धुकं कमी असतं म्हणून.